कॅग्नी, रॉबिन्सन, बोगार्ट: जुने गँगस्टरपट कुठून सुरू करावेत, आणि त्यांत नेमकं बघायचं काय?

पिटातला

वाचनालयाच्या हॉलमध्ये तीन शनिवार हॉलिवूडचे १९३०-४०च्या दशकांतले गँगस्टरपट दाखवायचे आहेत. प्रेक्षक म्हणजे निम्मे साठीच्या आसपासचे, निम्मी कॉलेजातली मुलं. ‘गॉडफादर’ सगळ्यांनी पाहिलाय, त्याच्या आधीचं जवळपास कुणीच काही पाहिलेलं नाही.

तीनच निवडायचे तर कुठले, आणि कुठल्या क्रमाने? दुसरं, मुलं हमखास विचारणार की गुंड शेवटी मरतो हे पहिल्या मिनिटाला ठाऊक असतं, मग नव्वद वर्षं लोक हे का बघतायत? आणि तिसरं, प्रोजेक्टरवर हे जुने कृष्णधवल चित्रपट दाखवताना काय बिघडतं? हॉलचा पडदा आठ फूट रुंद आहे, सोळा बाय नऊचा.

तिसरी_घंटा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

गुंड मरणार हे ठरलेलं होतं म्हणूनच हे चित्रपट टिकले. १९३०मध्ये हॉलिवूडने स्वतःसाठी आचारसंहिता लिहिली आणि जुलै १९३४पासून जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाने ती कडकपणे राबवायला घेतली. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, त्याच्याबद्दल सहानुभूती वाटता कामा नये. १९३४च्या आधीसुद्धा राज्याराज्यांची सेन्सॉर मंडळं कात्री घेऊन बसलेलीच होती. म्हणजे कथेच्या शेवटावर लेखकाचा हक्क उरला नव्हता. उरलं काय? तो माणूस कसा पडतो, एवढंच. त्या पडण्यात नटांनी जीव ओतला.

जेम्स कॅग्नी मुळात नाचणारा. पडद्यावर येण्याआधी व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-विनोदांच्या मिश्र खेळांच्या, रंगमंचावर त्याने नाचून पोट भरलं, आणि त्याला एकमेव ऑस्कर मिळालं तेही गाण्यानाचण्याच्या ‘यांकी डूडल डँडी’साठी (१९४२). त्याच्या गुंडांचं चालणं बघा. वजन पावलाच्या पुढच्या भागावर, टाच जमिनीला टेकते न टेकते. ‘द रोअरिंग ट्वेंटीज’मध्ये (१९३९, दिग्दर्शक राउल वॉल्श) गोळी लागल्यावर तो बर्फातून धावत सुटतो, चर्चच्या पायऱ्या तिरका चढतो, वर पोचता पोचता तोल जातो आणि तसाच आडवा खाली येतो. हे सगळं एक नाचणारा माणूस करतोय हे एकदा लक्षात आलं की ते दृश्य पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. पोलीस विचारतो, हा कोण, तुझा काय लागतो, करत काय होता. त्याच्या मैत्रिणीचं काम करणारी ग्लॅडिस जॉर्ज तीन छोटी उत्तरं देते. शेवटचं: एके काळी बडं प्रस्थ होतं. संपलं. उपदेश नाही, रडारड नाही.

आता ‘द पब्लिक एनिमी’ (१९३१, विल्यम वेलमन) घ्या. पावसात कॅग्नी एकटा शत्रूच्या अड्ड्यात शिरतो. कॅमेरा आत जात नाही, बाहेर रस्त्यावरच थांबतो. आतून गोळ्यांचा आवाज, किंकाळी. मग तो झोकांड्या खात बाहेर येतो आणि गटाराच्या कडेला पडता पडता म्हणतो की मी काही तेवढा कणखर नाही. बोलपट येऊन तीन-चार वर्षंच झाली होती. आवाज नुकताच हाती आलेला असताना दृश्य झाकून नुसत्या आवाजावर प्रसंग उभा करायचा, ही त्या काळाच्या मानाने फार मोठी झेप आहे. चित्रपटाला वेगळं पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. शेवटच्या दृश्यात ऐकू येतं ते घरातल्या ग्रामोफोनवरचं ‘आय एम फॉरएव्हर ब्लोइंग बबल्स’. दारात जे घडायचं ते घडतं, तबकडी फिरतच राहते.

म्हणून माझे तीन, याच क्रमाने: ‘द पब्लिक एनिमी’ (८३ मिनिटं), ‘द रोअरिंग ट्वेंटीज’ (१०६ मिनिटं), ‘व्हाइट हीट’ (१९४९, ११४ मिनिटं). तिन्हींत कॅग्नीच आहे, पण ते जाणूनबुजून. एकाच देहात तो प्रकार अठरा वर्षांत कसा पालटला ते सलग दिसतं. पहिल्यात अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातलं वस्तीतलं पोर. दुसऱ्यात पहिल्या महायुद्धातून परतलेला, नोकरी न मिळालेला शिपाई, जो टॅक्सी चालवता चालवता दारूच्या धंद्यात ओढला जातो. तिसऱ्यात गरिबी किंवा बेकारी हे कारणच उरलेलं नाही. बिघाड माणसाच्या डोक्यात आहे.

‘व्हाइट हीट’मधलं तुरुंगाच्या भोजनगृहाचं दृश्य दाखवण्याआधी कुणाला काही सांगू नका. कोडी जॅरेट लांबलचक टेबलावर बसलाय. नवीन आलेला कैदी त्याला दूरवर दिसतो. आई कशी आहे, एवढाच प्रश्न तो शेजाऱ्याच्या कानात सांगतो आणि तो कानोकानी टेबलाच्या त्या टोकापर्यंत जातो. कॅमेरा डोक्यांच्या रांगेवरून सरकत त्या प्रश्नामागे जातो आणि त्याच वाटेने उत्तरामागे परत येतो. ती मेली. पुढे कॅग्नी जो आवाज काढतो तो रडण्याचा म्हणावा की जनावराचा, ठरवता येत नाही. तो टेबलावर चढतो, ताटंवाट्या उडवत सरपटतो, पहारेकऱ्यांना ठोसे लगावतो. शेवटी त्याला उचलून न्यावं लागतं. पन्नाशीला टेकलेल्या नटाचं हे काम आहे.

रीळवाला

तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

हे चित्रपट १.३७:१ या जवळपास चौकोनी चौकटीत चित्रित झालेत. तुमचा पडदा ८ फूट रुंद म्हणजे ४.५ फूट उंच. त्यात चित्र बसेल साधारण ६ फूट २ इंच रुंद आणि दोन्ही बाजूंना ११-११ इंच रिकामे राहतील. ते तसेच राहू द्या. कुणीतरी उठून ‘वाइड’ किंवा ‘झूम’ दाबतोच. वाइडमध्ये माणसं बुटकी-जाड होतात, झूममध्ये वरची टोपी आणि खालचे हात कापले जातात. या चित्रपटांत टोपी आणि हात कापले की निम्मा अभिनय गेला. साध्या प्रोजेक्टरचा काळा रंग राखाडी दिसतो, म्हणून त्या ११ इंचांच्या पट्ट्यांवर चमक नसलेलं काळं कापड टाचा. चित्र एकदम उठून दिसेल.

सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा, दर कंपनीत त्याचं नाव वेगळं असतं. तो चालू राहिला तर कॅग्नीचे झटके मऊ होतात आणि चित्रपट मालिकेसारखा दिसायला लागतो. शार्पनेस अगदी कमी ठेवा, नाहीतर फिल्मचे दाणे मुंग्यांसारखे वळवळतात. रंगाचं तापमान ‘वॉर्म’वर ठेवा. ‘कूल’मध्ये कृष्णधवल चित्र निळं पडतं.

आवाज मोनो आहे. एकच बरा स्पीकर पडद्याच्या मधोमध खाली ठेवा आणि सराउंड बंद करा, त्याने फक्त घुमारा वाढतो. १९३१च्या चित्रपटात खरखर असणारच. ती घालवायला वरचे सूर कापू नका, इंग्रजी व्यंजनं तिथेच असतात आणि ही मंडळी भराभर बोलतात. त्याऐवजी खालचे सूर, बास, कमी करा. सिमेंटच्या हॉलमध्ये त्याने बराच फरक पडतो. खिडक्यांना जाड पडदे लावा, पंखे शक्य तितके कमी वेगाने.

इंग्रजी सबटायटल लावाच. डिस्कवरचीच वापरा. वेगळी फाइल जोडायची वेळ आली तर पहिला संवाद आणि तासाभरानंतरचा एक संवाद, दोन्ही जुळतात का तपासा. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटींनी चालतात. त्यामुळे ८३ मिनिटांचा चित्रपट तीन-साडेतीन मिनिटांनी आखूड होतो, आवाज किंचित चढतो आणि दुसऱ्या प्रतीवरची सबटायटल तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटं मागे पडतात.

आणि विकत आणलेल्या डिस्कवर सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नाही. त्याची परवानगी वेगळी काढावी लागते, तिकीट नसलं तरीही. तिसरी_घंटांचे तिन्ही चित्रपट वॉर्नरचे आहेत, म्हणून विचारणा एकाच ठिकाणी होईल.

कृष्णधवल

तिसरी_घंटांचं शेवटाबद्दलचं म्हणणं पटतं, यादी पटत नाही. तीन शनिवार फक्त कॅग्नी म्हणजे इतरांवर अन्याय आहे. ‘स्कारफेस’ (१९३२, हॉवर्ड हॉक्स, ९३ मिनिटं) वगळून हा विषय होऊच शकत नाही.

कारण कॅमेरा. पहिलाच खून बघा: जेवणावळ उरकलेली, टेबलं अस्ताव्यस्त, आणि कट न करता कॅमेरा सरकत सरकत भिंतीवरच्या सावलीवर येऊन थांबतो. सावली शीळ घालते, गोळी झाडते, निघून जाते. चेहरा दिसतच नाही. पुढे मशीनगन धडधडते आणि दिनदर्शिकेची पानं उडत जातात, दिवस गेले हे असं सांगितलंय. शिवाय फुलीचा खेळ. कुणी मरणार असलं की चौकटीत कुठेतरी फुली दिसते. शिकागोत १४ फेब्रुवारी १९२९ला गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीला लावून मारलं होतं, त्यावर बेतलेल्या दृश्यात छताच्या लाकडी बांधणीत सात फुल्या आहेत. प्रतिस्पर्धी गुंड झालेला बोरिस कार्लॉफ बोलिंग खेळत असतो तिथे गुणपत्रकावर स्ट्राइकची फुली पडते, त्याने टाकलेल्या चेंडूने सगळ्या बाटल्या पडतात, एक तेवढी गिरकी घेत राहते आणि मग पडते. तो मेलेला आपल्याला दिसत नाही. कॉलेजातल्या मुलांना फुल्या मोजायला लावा, पापणी लवणार नाही.

दोन सावधगिऱ्या. शोधताना साल १९३२ आहे ना ते बघा, नाहीतर अल पचिनोचा १९८३चा हाती येतो. आणि प्रत कोणती ते बघा. सेन्सॉर मंडळांसाठी दुसरा शेवट जोडला गेला होता, खटला आणि फाशी. त्यात मुख्य गुंडाचं काम करणारा पॉल म्युनी नाहीच. चेहरा दिसू नये अशा बेताने सगळं उरकलंय. खरा शेवट रस्त्यावरचा आहे. मध्येच वृत्तपत्राच्या कचेरीत प्रतिष्ठित नागरिक गुंडगिरीवर भाषण देतात, तोही हॉक्सचा भाग नाही, दबावाखाली मागाहून घुसवलेला. प्रेक्षकांना हे आधी सांगितलंत तर ते ठिगळ त्यांना आपोआप ओळखू येईल.

निर्माता हॉवर्ड ह्यूजने पुढे हा चित्रपट कित्येक वर्षं चलनातच ठेवला नव्हता, म्हणून याची ओळख इतरांपेक्षा कमी राहिली. आता हक्क युनिव्हर्सलकडे आहेत.

तिसरी_घंटा

‘स्कारफेस’बद्दल वाद नाही, कॅमेऱ्याच्या बाबतीत तो पहिल्या नंबरावर आहेच. माझी अडचण म्युनीची आहे. यिद्दिश रंगभूमीवरचा मोठा नट, पण इथे त्याचे इटालियन हेल आणि हातवारे वरून चढवलेले वाटतात. आजच्या प्रेक्षकाला ते खटकतं. त्याच्या शेजारी जॉर्ज राफ्ट नुसता नाणं उडवत उभा राहतो आणि नजर त्याच्याकडे जाते. राफ्टला अभिनय थोडा येत होता, पण उभं कसं राहायचं ते पक्कं ठाऊक होतं. पुढे ‘सम लाइक इट हॉट’मध्ये (१९५९) तोच राफ्ट नाणं उडवणाऱ्या एका पोराला विचारतो, ही स्वस्तातली लकब कुठे उचललीस. ते पोर म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सनचा मुलगा.

म्युनीच्या बहिणीचं काम करणाऱ्या अॅन ड्व्होरॅकसाठी मात्र ‘स्कारफेस’ जरूर दाखवा. या सगळ्या चित्रपटांत बायकांच्या वाट्याला फार कमी येतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ‘पब्लिक एनिमी’त मे क्लार्कच्या तोंडावर कॅग्नी ग्रेपफ्रूट दाबतो, ते दृश्य हसण्यासाठी दाखवू नका. चर्चेत त्याला वेळ द्या.

पिटातला

सगळ्यांचे आभार. मग असं ठरवतो: ‘पब्लिक एनिमी’, ‘स्कारफेस’, ‘व्हाइट हीट’. पण मग बोगार्ट आणि रॉबिन्सन दोघंही सुटतात. त्यांचं काय करावं? आणि ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’चं नाव कुणीच घेतलं नाही.

कृष्णधवल

रॉबिन्सनसाठी ‘लिटल सीझर’ (१९३१) फक्त ७९ मिनिटांचा आहे. पहिल्या शनिवारी ‘पब्लिक एनिमी’च्या आधी तो लावा, मध्ये १५ मिनिटं चहा, तीन तासांत दोन्ही होतात. उलटा क्रम नको. ‘लिटल सीझर’ संथ आहे, संवाद एका जागी उभं राहून होतात, कॅग्नीनंतर तो पडतो. बघायचा तो रॉबिन्सनसाठी. बुटका, रुंद तोंडाचा, देखणा मुळीच नाही, आणि तरी खोलीत शिरला की सगळे त्याच्याकडे मान वर करून बघतायत असं वाटतं. बंदुकीचा बार काढताना त्याचे डोळे मिटत, म्हणून पापण्या चिकटवाव्या लागल्या होत्या. प्रत्यक्षात तो चित्रं जमवणारा सुसंस्कृत माणूस. त्याला हयातीत ऑस्करचं साधं नामांकनही मिळालं नाही. सन्मानाचं ऑस्कर १९७३मध्ये जाहीर झालं, ते दिलं जाण्याआधीच तो गेला.

बोगार्ट ‘रोअरिंग ट्वेंटीज’मध्ये आहे, पण दुय्यम आणि नुसता दुष्ट. त्याचा खरा गुंड ‘हाय सिएरा’त (१९४१) बघायचा. थकलेला, पिकल्या केसांचा, तुरुंगातून नुकताच सुटलेला. ही भूमिका आधी राफ्टने नाकारली होती. चौथा शनिवार मिळाला तर तोच लावा.

तिसरी_घंटा

‘एंजल्स’ (१९३८, ९७ मिनिटं) चौथ्या शनिवारसाठी ‘हाय सिएरा’हून सरस आहे असं माझं ठाम मत. ज्यांनी शाहरुखचा ‘राम जाने’ पाहिलाय त्यांना कथा ओळखीची वाटेल, कारण तो यावरच बेतलाय. विजेच्या खुर्चीकडे नेताना रॉकी, म्हणजे कॅग्नीचा गुंड, किंचाळतो, भीक मागतो. चेहरा दिसत नाही, सावल्या दिसतात आणि रेडिएटरच्या नळीला घट्ट धरलेले हात. पाद्री मित्राने मागितलं म्हणून त्याने भित्रेपणाचं सोंग केलं, की तो खरंच घाबरला? कॅग्नीने ते मुद्दाम उघडं ठेवलं. आचारसंहितेला हवा तो धडाही मिळाला आणि प्रेक्षकाला हवा तो रॉकीही.

एक करा: चित्रपट संपल्यावर दिवे लगेच लावू नका, आणि चर्चेआधी हात वर करून मतं घ्या, सोंग की खरं. आधी चर्चा झाली तर मोठ्या आवाजाचा एकजण सगळ्यांचं मत ठरवून टाकतो.