‘बघू, कळवतो’ : शाळेकडून न आलेल्या उत्तरांचा अनुभव धागा

मुलगा सहावीत. अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे वाचन आणि लेखन दोन्ही अवघड. पालिकेच्या रुग्णालयातल्या तपासण्या, बुद्ध्यांक चाचणी, नंबर लागण्याची वाट पाहणं, या सगळ्यात आठ महिने गेले. प्रमाणपत्र मिळालं आणि मागच्या जूनमध्ये मी ते वर्गशिक्षिकेच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या ऑफिसात द्या. ऑफिस म्हणालं कौन्सेलर मॅडमकडे द्या, त्या मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मंगळवारी गेले तर त्या रजेवर. शुक्रवारी भेटल्या, पाकीट घेतलं, गोड हसल्या. “बघू, कळवतो तुम्हाला.”

ऑक्टोबरमध्ये सहामाहीचा पहिला पेपर झाला. घरी येऊन बूटही न काढता मुलगा म्हणाला, “आई, मला जास्त वेळ नाही दिला. मी मागितला तर सुपरव्हिजनच्या बाई म्हणाल्या, मला कोणी काही सांगितलेलं नाही.” तासाला 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. एवढंच मागणं होतं. पुढच्या पालकसभेत मी विचारलं तेव्हा मॅडमनी खण उघडला. माझं पाकीट तसंच होतं, मी मारलेली स्टेपलरची पिनसुद्धा जागच्या जागी.

शाळा सरळ ‘नाही’ म्हणाली असती तर मी भांडले असते. ‘बघू’शी भांडायचं कसं, हे मला अजून उमगलेलं नाही. म्हणून हा धागा. शाळांना शिव्या घालायच्या असतील तर जागा दुसऱ्या खूप आहेत. इथे तुमचा एखादा प्रसंग सांगा: काय विचारलंत, काय उत्तर आलं, किंवा आलंच नाही. आणि कशाने आलं, तेही. मुलाचं आणि शाळेचं नाव कृपया लिहू नका.

बाबा, नाशिक

आमची मुलगी स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, तिसरीत. आमच्या बाबतीत शाळा गप्प नव्हती, उलट रोज बोलायची. डायरीत लाल शाईने : आज ओरडली. आज वही फाडली. आज बाकाखाली बसली. कृपया समज द्या. एका वर्षात असे 43 शेरे आले, मी मोजले. समज द्या म्हणजे नेमकं काय करा, ते एकातही नाही.

शेवटी बायकोने वहीत तीन रकाने आखून दिले. आधी काय झालं, तिने काय केलं, मग तुम्ही काय केलंत. बाईंना म्हणाली, “शेरा नका लिहू, एवढं भरा, दोन-दोन शब्द पुरे.” पहिल्या आठवड्यात फक्त मधला रकाना भरून आला. दुसऱ्या आठवड्यात पहिलाही भरायला लागला. ‘घंटा’. ‘मधल्या सुट्टीची घंटा’. ‘घंटा’. तिचा बाक दाराशी होता आणि दाराबाहेरच भिंतीवर शाळेची घंटा. बाक मागच्या खिडकीपाशी गेला. सगळं संपलं असं नाही, पण वही फाटायची थांबली. हे बाईंनाच सुचायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटायचं. आज वाटतं, त्यांना रकाने कोणी आखून दिले होते?

शिक्षिका, सोलापूर जिल्हा

टेबलाच्या पलीकडून लिहिते आहे. राग आला तरी वाचा.

माझ्या वर्गात 58 मुलं आहेत. त्यातल्या चौघांना वेगळ्या मदतीची गरज आहे हे मला दिसतं, कागद फक्त एकाचा आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक येतात, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत की पंधरा दिवसांतून एकदा तोंड दिसतं, त्यातही पाऊस लागला की नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. आमच्या तालुक्यात हे बोललं की लोक हसतात. मतदार याद्यांचं काम माझ्याकडेच, ऑनलाइन माहिती भरायची ती माझ्याकडेच.

पण हे रडगाणं झालं. खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती कबूल करायला मला लाज वाटते. एका आईच्या तीन चिठ्ठ्यांना मी उत्तर दिलं नाही ते वेळ नव्हता म्हणून नाही. काय लिहू ते कळत नव्हतं म्हणून. ‘त्याला येत नाही’ असं लिहिलं तर तिला लागेल. ‘प्रगती आहे’ लिहिलं तर खोटं. आणि आमच्या मुख्याध्यापकांनी बजावलेलं, पालकांना लेखी काही देऊ नका, उद्या तेच कागद घेऊन वर जातील. म्हणून मी ती दिसली की घाईत असल्यासारखी स्टाफरूममध्ये शिरायचे. वर्षभर.

एक सांगते. वर्गशिक्षकाच्या हातात दिलेला कागद हा त्या शिक्षकापुरता कागद असतो. आवक नोंदवहीत चढलेला कागद शाळेचा होतो. दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. ‘पोच द्या’ म्हणा, क्लार्कला कळतं. त्या नोंदीला उत्तर गेलं का, हे तपासणीला आलेले साहेब विचारू शकतात. मला मात्र कोणी विचारत नाही.

आई, पुणे

सोलापूरच्या बाई, पोच आम्हीही घेतली होती. खाजगी शाळा. आठवड्यात बोलावणं आलं. चहा दिला, एसी लावला आणि सांगितलं की ‘त्याच्या भल्यासाठी’ दुसरी शाळा बघा, दाखला लगेच तयार ठेवतो. लेखी द्या म्हटलं तर लेखी देईनात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अशी आडकाठी करता येत नाही, पुण्यातच दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, सगळं वाचलेलं. केली नाही तक्रार. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला त्याच वर्गात जाऊन बसायचं होतं. शूर असणाऱ्यांनी मला काही ऐकवू नका.

आजी, वाई

नातवाला ऐकू येत नाही. कानामागे मशिन आहे, ऑपरेशन झालेलं आहे, समोर तोंड करून बोललं तर बरंच समजतं. लेक आणि जावई नोकरीला लांब, नातू माझ्यापाशी. माझा फोन बटणांचा. शाळेच्या सगळ्या सूचना व्हॉट्सॲपवर, नाहीतर स्पीकरवर. म्हणजे एक माझ्यापर्यंत येत नाही आणि दुसरी त्याच्यापर्यंत.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी शाळेची दिंडी होती. सगळी पोरं धोतर, टोपी, बुक्का, टाळ. पोरी नऊवारीत. आमचा एकटा गणवेशात, टाय लावून. मी फाटकाशीच होते. त्याने एकदा सगळ्यांकडे बघितलं, मग स्वतःकडे, आणि टाय काढून खिशात घातला. कोणी त्याला हसलं नाही, उगाच का खोटं सांगू. एका बाईंनी स्वतःच्या कपाळाचा बुक्का त्याला लावला सुद्धा. पण मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

एकादशीनंतर शाळेत गेले आणि म्हटलं, “बाई, मला काही नको, फळ्याच्या कोपऱ्यात ‘उद्या’ असं लिहा आणि खाली उद्याचं काय ते लिहा. तो उतरवून घेईल.” त्यांनी लिहायला सुरुवात केली. आता म्हणे सगळा वर्गच उतरवतो. ऐकू येणारी पोरंसुद्धा विसरतातच की.

आई, रेडिंग, इंग्लंड

माझी आई फोनवर म्हणते, “तिकडे तरी सगळं नीट असेल!” म्हणून हे लिहिते.

इथे शाळेत विशेष गरजांची जबाबदारी असलेली एक शिक्षिका असते, तिला सेन्को म्हणतात. मुलाला जास्त मदत लागणार असेल तर स्थानिक प्रशासनाकडे ईएचसी प्लॅन (शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा लेखी आराखडा) मागता येतो, शाळेने अर्ज केला नाही तर पालकही करू शकतात. तपासणी करायची की नाही हे सहा आठवड्यांत सांगायचं, आणि प्लॅन द्यायचा ठरला तर तो 20 आठवड्यांत हातात, असा 2014 च्या कायद्याखालचा नियम. आमचा प्लॅन 31 व्या आठवड्यात आला. मधल्या काळात माझ्या प्रत्येक ईमेलला उत्तर आलं बरं का, दोन दिवसांच्या आत. ‘ईमेलबद्दल आभार, तुमची काळजी आम्ही समजू शकतो, आम्ही त्यावर लक्ष ठेवून आहोत.’ ‘बघू, कळवतो’च की हो हे, फक्त कोट-टाय घातलेलं!

आणि प्लॅन आला तेव्हा त्यात काय? ‘त्याला वाचा-उपचाराचा लाभ होऊ शकेल.’ होऊ शकेल! मराठी शाळेत व्याकरण शिकलेली मी, ‘होईल’ आणि ‘होऊ शकेल’ यातला फरक मला लगेच कळतो. मदतीच्या रकान्यात किती वेळ, आठवड्यातून कितीदा आणि कोण देणार, हे लिहिलेलं असलंच पाहिजे, तरच ते मागता येतं. इथे पालकांना फुकट सल्ला देणारी स्वतंत्र सेवा असते, तिथल्या बाईंनी माझ्यासोबत बसून प्रत्येक ‘होऊ शकेल’ खाली रेघ मारली. दोन फेऱ्यांनंतर ‘आठवड्याला एकदा, 45 मिनिटं’ असं आलं.

जाता जाता : घरी मराठी बोलणं बंद करा, असं एकीने सुचवलं होतं. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनीच ते खोडून काढलं. आजीशी बोलायला त्याच्याकडे दुसरी भाषाच नाही, नाहीतरी.

बाबा, नागपूर

आमचं प्रकरण दहावीचं, म्हणून जरा घाईचं. पोरीच्या सवलतीचा प्रस्ताव शाळेनं विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो. जुलैत कागद दिले. दर महिन्याला विचारलं, “हो हो, गेला.” फेब्रुवारीत तोंडी परीक्षेच्या वेळी क्लार्क म्हणतो, साहेब, प्रमाणपत्राची छायाप्रत साक्षांकित नव्हती म्हणून ठेवून दिला. अरे बापा, ठेवून दिला तर सांगाचं ना! माझं घर शाळेपासून चालत सात मिनिटं.

मंडळात मी स्वतः गेलो. तिथल्या माणसानं चांगलं वागवलं, काय कमी आहे ते कागदावर लिहून दिलं. चार ओळी. पूर्ण वर्षात मला मिळालेलं पहिलं लेखी उत्तर ते. पोरीला नववीतली लेखनिक मिळाली, वेळ मिळाला, पास झाली. पेपरच्या आधीच्या त्या तीन आठवड्यांत ती जे रडली, ते मात्र परत घेता येत नाही.

आई, बेळगाव

फक्त एक ओळ. वार्षिक निकालावर शेरा होता, ‘अधिक लक्ष द्यावे’. मुलाला लक्ष देण्याचीच अडचण आहे, हे ज्या पत्रात कळवलं होतं ते त्याच फाइलीत खाली लावलेलं होतं.

मी, कोल्हापूर, वय 22

मी पालक नाही. मी ‘तो’ मुलगा आहे, तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यातला. इथे कुणीच मला विचारलं नाही म्हणून आपलं आपणच घुसलो.

आमच्या वेळी शाळेची उत्तरं चिठ्ठीतून यायची, आणि ती चिठ्ठी घरी कोण आणणार? मीच. मला ती वाचता यायची नाही. पण बाई ती देताना बाकी पोरांना बाहेर पाठवायच्या, घडी चारदा घालायच्या, यावरून माझ्याबद्दल काहीतरी वाईट आहे हे कळायचं. मी एक सायकलच्या सीटखाली कोंबली. एक रंकाळ्यात टाकली. एक खाल्ली, खरंच खाल्ली. माझी आई तिसरी आणि चौथी अशी दोन वर्षं म्हणत राहिली की शाळा काही कळवतच नाही. बाई म्हणत राहिल्या की आई काही दादच देत नाही. मधे मी, कागद चावत.

आईला मी हे मागच्या वर्षी सांगितलं. ती आधी हसली आणि मग उठून आत गेली.

सभेला आम्हाला बाहेर बाकावर बसवू नका एवढंच म्हणतो. आत घ्या. नाहीतरी दाराला कान लावलेलाच असतो.

धागा काढणारी, ठाणे

काल शाळेत गेले. दोन प्रती नेल्या. शिक्का कुठे आहे हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं, शिपाईमामांनी वीस मिनिटांनी लॉस्ट अँड फाउंडच्या खोक्यातून काढून दिला. आवक क्रमांक 214. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वार्षिक परीक्षेच्या आधी वर्गावरच्या सगळ्या शिक्षकांना लेखी सूचना जाईल, त्याची प्रत मला मिळेल. तारीख विचारली, त्यांनी माझ्या प्रतीवरच लिहिली. यापुढची भेट मुलाला बरोबर घेऊन, हेही मागून घेतलं.

कोल्हापूरच्या मुला, तुझं वाचून रात्री मी त्याच्याजवळ बसले आणि सहज विचारलं, तुझ्याकडे कधी कोणी माझ्यासाठी चिठ्ठी दिली होती का रे? बराच वेळ गप्प. मग उठला आणि डब्याची पिशवी घेऊन आला. तळाला पुठ्ठा घातलेला आहे, डबा कलंडू नये म्हणून मीच घातलेला. त्याच्याखाली चारदा घडी घातलेला कागद. हळदीचा डाग पडलेला, सप्टेंबरचा. वर्गशिक्षिकेचं अक्षर.

‘कृपया शाळेत येऊन भेटावे.’

कशासाठी, ते लिहिलेलं नाही.