लिंगनिदानावर वचकही राहावा आणि कायदेशीर गर्भपातही अडू नये, असा मध्यममार्ग आहे का?

प्रश्न: २०१२च्या परळी प्रकरणानंतर (बीड जिल्ह्यातल्या परळीत डॉक्टरवर लिंगनिवडीच्या बेकायदा गर्भपातांचा गुन्हा दाखल झाला) औषध दुकानांची तपासणी कडक झाली आणि अनेक दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. बारा आठवड्यांपुढची केस घ्यायला डॉक्टर कचरतात. तालुक्याच्या बैठकीसाठी टिपण लिहायचंय. दोन्ही बाजूंना मान्य होईल असं काय सुचवावं?

स्त्रीरोग_सोलापूर: सगळा हिशेब आठवड्यांवर मांडा. गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ६३ दिवस. सोनोग्राफीत लिंग खात्रीने दिसायला तेरा-चौदा आठवडे उलटावे लागतात. मग गोळ्यांच्या पाकिटामागे धावून लिंगनिवड कशी सापडणार? दुकानात खरेदीचं बिल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि विक्रीची नोंद पाहा, तेवढं पुरे.

गोळी मिळाली नाही म्हणून बाईचा गर्भपाताचा निर्णय बदलत नाही, फक्त वेळ जातो. आठव्या आठवड्यात आलेली बाई गावोगाव फिरून पंधराव्यात पोचते आणि ज्या आठवड्यांवर आपल्याला संशय असतो, नेमकी तिथेच येऊन अडकते. हा उलटा परिणाम टिपणात पहिल्या ओळीत लिहा.

फॉर्म_एफ: बरोबर, पण रक्ततपासणी विसरू नका. आईच्या रक्तातून दहाव्या आठवड्यापासून लिंग कळू शकतं आणि पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे लिंगनिदानबंदी कायद्याच्या, व्याख्येत रक्ताची चाचणीही येते. त्यामुळे पहारा निदानाच्या जागी हवा: सोनोग्राफी केंद्राचे फॉर्म एफ (प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद), मशीनची नोंदणी, जनुकीय चाचण्या करणाऱ्या लॅब. गर्भपात केंद्रावर धाड टाकून पुरावा क्वचितच हाती लागतो, घाबरते ती बाई.

वकील_औरंगाबाद खंडपीठ: दोघांशीही सहमत. भर एवढीच की तपासणी करणाऱ्यांना गोपनीयतेचे नियम माहीत हवेत. संमतीचा फॉर्म सी आणि डॉक्टरांचं मत बंद लिफाफ्यात राहतं, त्यावर बाईचं नाव नसतं, अनुक्रमांक असतो. गर्भपात केंद्राचं दाखल रजिस्टर गोपनीय दस्तऐवज आहे, कायद्याने अधिकार दिल्याशिवाय कुणालाही ते उघडता येत नाही. बाईचं नाव फोडलं तर गर्भपात कायद्याच्या (एमटीपी) कलम ५अ खाली एक वर्षापर्यंत कैद. केंद्राकडून दर महिन्याला जाणाऱ्या फॉर्म २ मध्ये फक्त आकडे जातात, देखरेखीला ते पुरतात.

नवऱ्याची सही मागणं बंद करा. १८ पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. या कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरांचं मत लागतं, २० ते २४ मध्ये ठरावीक गटांसाठी दोघांचं. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोक्सोखाली (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना खबर द्यावीच लागते, पण २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी खबरीत तिचं नाव देण्याची गरज नाही. तडजोड म्हणतात ती हीच: गुन्ह्याची नोंद होते आणि मुलगी दवाखान्यात यायला घाबरत नाही. हा परिच्छेद छापून प्रत्येक केंद्राच्या आणि पोलीस ठाण्याच्या फाइलला लावा, तोंडी सांगितलेलं बदलीनंतर टिकत नाही.