अनुभव धागा: आपल्याच गड्याला गोळी लागू नये, आपलाच गडी आडवा येऊ नये

धागाकर्ता: किस्से नकोत, उपाय लिहा. कोणता गेम, नेमकं काय होतं, का होतं. शिव्या देऊन झाल्यावर लिहिलंत तरी चालेल.

मांजराकाठ, लातूर: काउंटर-स्ट्राइक २. कॉम्पिटिटिव्हमध्ये (रँकसाठीच्या सामन्यात) आपल्या गड्याला गोळी लागते, पण जोर साधारण एक तृतीयांश. ग्रेनेडचा जोर मात्र ८५ टक्क्यांपर्यंत राहतो, म्हणजे घात फेकाफेकीतच जास्त. लै भांडणं होतात ती एडब्ल्यूपीवाल्याच्या (लांबून एकेक गोळी मारायची स्नायपर बंदूक) पाठीला चिकटण्यावरून. तो एक गोळी झाडून आडोशाला मागं सरकणार, हे ठरलेलं. मागं तुम्ही उभे असाल तर तो उघड्यावर अडकतो. मारलं समोरच्यानं, पण मेला तुमच्यामुळं. दोन माणसं मावतील इतकी जागा सोडा, नाहीतर पलीकडची भिंत धरा.

कोपऱ्यावर दोघं असाल तर पहिल्यानं लांब बाहेर पडायचं, दुसऱ्यानं कोपरा धरायचा. पहिला तिथंच घुटमळला की मागच्याच्या गोळ्या त्याच्या टाळक्यात. एकाच दारातून मारायचं असेल तर पुढचा बसेल, मागचा डोक्यावरून मारेल. बसलेल्यानं न सांगता उठायचं नाही. "उठतो" एवढं बोललं तरी पुरे.

मोसंबी, जालना: पिंगचं (नेटवरून माहिती जाऊन यायला लागणारा वेळ) कुणी लिहीत नाही. काउंटर-स्ट्राइकमध्येच एके-४७ घेऊन पळणारा सेकंदाला २१५ युनिट (गेममधलं अंतराचं माप) जातो, अंगाची रुंदी ३२. पिंग १०० मिलिसेकंद असेल तर पडद्यावर दिसतो त्यापेक्षा तो साधारण २० युनिट पुढं असतो. म्हणून हॉटस्पॉटवर वाट मोकळी दिसते आणि तरी धडक बसते. संध्याकाळी नेट रडायला लागलं की चिकटून पळू नका.

गोदाकाठ, नांदेड: व्हॅलोरंटमध्ये आपल्याला आपली गोळी लागत नाही, म्हणून पोरं गाफील राहतात. फिनिक्स, ब्रीच या पात्रांच्या फ्लॅशनं (डोळे दिपवणारा उजेड) आपलेही आंधळे होतात. रेना या पात्राचा डोळा मात्र फक्त समोरच्यांची नजर अधू करतो. नुसतं "फ्लॅश!" ओरडलं की आपलाच गडी तिकडं बघतो. "तोंड फिरव" म्हणा, मग फेका.

कोरडवाहू, बीड: हेलडायव्हर्स २ मध्ये आपल्यांना काडीची सवलत नाही. खूण फेकून विमानाचा मारा बोलवायचा असतो: ईगल एअरस्ट्राइक (बॉम्बची रांग) फेकण्याच्या दिशेला आडवी पडते, स्ट्रेफिंग रन (विमानातून गोळ्यांची रांग) सरळ पुढं जाते. पहिल्यात डावी-उजवीकडचे जातात, दुसऱ्यात समोरचे. फेकण्याआधी नकाशावर आपले कुठं आहेत ते बगा. त्या खुणेचा लाल उजेड दिसला की आधी पळा, मग विचारा. सेंट्रीला (आपोआप मारणारी तोफ) शत्रू दिसतो, मधले तुम्ही नाही. तिच्या नळीपुढं सापडलात तर धावू नका, आडवे पडा.

पूर्णाकाठ, परभणी: वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये २०१९ पासून आपल्या रणगाड्याला आपल्या गोळ्यानं इजा होत नाही. पण गोळा त्याच्या पाठीतच जिरतो आणि रीलोड (पुन्हा गोळा भरायचा वेळ) फुकट जातो. लातूरकरांनी एडब्ल्यूपीचं सांगितलं ते इथं दुप्पट लागू: पुढचा मारून मागं येणारच, त्यात गल्ली अरुंद. मागं एक रणगाडा मावेल एवढी जागा ठेवा. आणि मागून ढकलू नका, तो आडोशातून अर्धा बाहेर निघतो आणि नेम हलतो.