वर्डप्रेसवरील प्रतिक्रियांची तपासणी: कोणते हुक वापरावे?

तालीमवेडा
कोल्हापुरातील तालमींच्या इतिहासावर आम्ही दोघे मित्र वर्डप्रेसवर एक संकेतस्थळ चालवतो. जुन्या मल्लांच्या घरच्या मंडळींच्या प्रतिक्रियांबरोबर परदेशी जाहिरातींचा कचराही येतो, म्हणून मी प्रीप्रोसेस_कमेंट या फिल्टरवर (प्रतिक्रिया नोंदली जाण्याआधी आपला कोड चालवू देणाऱ्या हुकवर) फंक्शन लावून, देवनागरी नसलेली किंवा २० अक्षरांहून लहान असलेली प्रतिक्रिया डब्ल्यूपी_डाय या काम थांबवणाऱ्या फंक्शनने तिथेच नाकारली. परिणाम असा, की वडिलांची खासबागेतील कुस्ती रोमन लिपीत लिहिणाऱ्या वाचकाला नकार मिळाला (त्यांनी फोन करून सुनावले) आणि ‘छान लिहिले’ मात्र सुखरूप आत आले. काय सुचवाल?

रंकाळाकाठ
दुसऱ्या कोड्याचे कारण स्ट्रलेन, म्हणजे लांबी मोजणारे फंक्शन. ते अक्षरे नव्हे, बाइट मोजते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते, त्यामुळे ‘छान लिहिले’ची नऊ चिन्हे आणि एक मोकळी जागा मिळून २८ भरतात; चिन्हे मोजणारे एमबी_स्ट्रलेन १० सांगेल. खरे तर लांबीची अटच काढावी, कौतुकाचे दोन शब्द कोणाला जड होतात?

नाकारण्याऐवजी प्री_कमेंट_अप्रूव्ड हा फिल्टर वापरावा, कारण तिथे प्रतिक्रिया न गमावता तिची स्थिती ठरवता येते: १ म्हणजे मंजूर, ० म्हणजे तपासणीच्या रांगेत. आलेले मूल्य १ असेल आणि मजकुरात देवनागरी नसेल तेव्हाच ० परत करावे. इतर वेळी आलेले मूल्य जसेच्या तसे परत करावे, नाहीतर दुसऱ्या प्लगइनने (वर्डप्रेसला जोडलेल्या पूरक प्रोग्रॅमने) स्पॅम ठरवलेली प्रतिक्रिया तुमच्या फंक्शनमुळे रांगेत येऊन बसेल. मजकूर तुमच्या फंक्शनला मिळणाऱ्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये (मूल्यात) येतो, म्हणून फंक्शन फिल्टरवर लावणाऱ्या ॲड_फिल्टरला प्राधान्यक्रम १० नंतर आर्ग्युमेंटांची संख्या म्हणून २ हा आकडा द्यायला विसरू नये.

जोतिबाचा डोंगर
हा कोड थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये असल्यास थीम अद्ययावत होताच पुसला जाईल. छोटे स्वतंत्र प्लगइन करावे. जुन्या प्रतिक्रिया डब्ल्यूपी_इन्सर्ट_कमेंट या फंक्शनने आणणार असाल, तर त्या थेट नोंदवल्या जातात आणि हे दोन्ही फिल्टर चालत नाहीत.

तालीमवेडा
बदल केला, रांग नीट भरते आहे. मात्र त्या रोमन लिहिणाऱ्या काकांना दर वेळी हातानेच मंजुरी द्यायची का?

रंकाळाकाठ
प्रतिक्रिया शोधणाऱ्या गेट_कमेंट्स या फंक्शनला त्यांचा ईमेल, मंजूर ही स्थिती आणि काउंट (फक्त संख्या मागणारा पर्याय) देऊन आधीच्या प्रतिक्रिया मोजाव्यात, आणि एक जरी मिळाली तरी १ तसाच जाऊ द्यावा. ईमेल कोणीही दुसऱ्याचा टाकू शकतो, म्हणून मजकुरात दुवा असेल तेव्हा ही सवलत देऊ नये.