"बघण्यासारखं काही नाही": सांतो स्तेफानो दी सेस्सानियोवरून पेठकरांना उत्तर

डोंगरवाट
पेठकरांनी परवाच्या इटलीच्या वर्णनात अब्रुत्सो या डोंगराळ प्रांतातल्या सांतो स्तेफानो दी सेस्सानियो गावाला चार ओळींत निकालात काढलं: "रोमहून गाडी काढून गेलो. दगडी गल्ल्या, कुलूपबंद दारं, एक बुरूज. तासाभरात गाव संपलं. बघण्यासारखं काही नाही, त्यापेक्षा फ्लोरेन्सला एक दिवस वाढवा." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

पेठकर, ती कुलपंच तर समजून घ्यायची आहेत! साडेबाराशे मीटरवरचं हे गाव मेंढ्यांवर जगलं. 1579 मध्ये फ्लोरेन्सच्याच मेदिची या सत्ताधारी घराण्याने हा मुलूख विकत घेतला. इथली काळपट, राठ लोकर सैनिकांच्या आणि साधूंच्या कपड्यांना जायची. वेशीच्या कमानीवर मेदिचींचं चिन्ह अजून आहे, तुम्ही त्याच्याखालून गेला असाल. थंडी सुरू झाली की कळप जवळच्या लाक्विला शहराहून फोज्जापर्यंत, जवळजवळ अडीचशे किलोमीटर, दक्षिणेकडच्या पुल्या प्रांताच्या सपाटीवर चालत जायचे आणि उन्हाळ्याला परत यायचे. इटली एक झाल्यावर 1865 च्या कायद्याने ती कुरणं खाजगी मालकीत गेली, नांगराखाली आली. कळप घटले, माणसं परदेशी निघून गेली. आज गावात जेमतेम शंभर माणसं उरली आहेत.

अशा गावात मुक्काम करायला हवा. दिवसाच्या गाड्या परतल्या की घरांखालून जाणाऱ्या बुटक्या कमानींत आपल्याच पावलांचा आवाज येतो. आत वाकून चालावं लागतं, वर कुणाच्या तरी स्वयंपाकघराची जमीन असते, आणि हाताला लागणारा दगड भर उन्हाळ्यातही गार असतो. हे दुपारच्या एका तासात कळत नाही.

पेठकर
इतिहास मान्य. पण गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला 1865 चा कायदा दिसत नाही, बंद दार दिसतं. माझ्याबरोबर आई होती. तिचे गुडघे दुखतात, आणि तिथे पावलागणिक चढ. जेवणाची चौकशी केली तर दुपारची वेळ टळलेली. स्वतःच्या पैशाने गेलो, जे दिसलं ते लिहिलं.

आणि जी दारं उघडी होती ती बहुतेक हॉटेलच्या खोल्यांची. चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या भिंती तशाच ठेवायच्या आणि तिथे झोपायचे भरमसाट पैसे घ्यायचे. मेंढपाळाची गरिबी विकायला काढली आहे, त्याला वारसा म्हणू नका.

मीरा_तोरिनो
शेवटच्या वाक्याचा राग आला. विखुरलेल्या जुन्या घरांचंच हॉटेल करायचं ही कल्पना ईशान्य इटलीतल्या फ्रिउलीच्या 1976 च्या भूकंपानंतर पुढे आली. सांतो स्तेफानोला उद्योजक डानिएले किलग्रेन 1999 मध्ये पोचले तेव्हा घरं ढासळत होती. त्यांनी ती घेतली, आणि नवीन काँक्रीट गावात येऊ नये म्हणून नगरपालिकेशी बोलणी केली. नाहीतर तुम्हाला कुलपंसुद्धा दिसली नसती, नुसते ढिगारे दिसले असते. तुम्ही उल्लेख केलेला बुरूजही 6 एप्रिल 2009 च्या भूकंपात कोसळला होता, तो पुन्हा उभारला आहे.

एवढं मात्र खरं की हॉटेलने गाव भरत नाही. 2020 मध्ये नगरपालिकेने चाळिशीच्या आतल्यांना तिथे राहायला यावं म्हणून तीन वर्षांत 44,000 युरोपर्यंत मदत देऊ केली होती. सगळं सुरळीत असतं तर ही वेळ आली नसती.

कोल्हापुरी_ठसका
44,000 युरो? अर्ज कुठे करायचा?

मीरा_तोरिनो
किमान पाच वर्षं तिथे राहून व्यवसाय करायची अट होती, आणि इटलीत राहण्याचा हक्क आधी हवा. पुण्यात बसून मिळणारा पैसा नव्हे.

माझी तक्रार वेगळीच आहे. शेजारच्या कलाशो गावाला तिथल्या गढीच्या जोरावर सरकारने 2022 मध्ये दोन कोटी युरो मंजूर केले. बाकीच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना डॉक्टर आणि बस हवी आहे, त्याकडे बघायला कुणी नाही.

सुगरण_नाशिक
जेवणाचा विषय निघालाच आहे तर बोलते. या भागात शाकाहारी माणसाने जाऊच नये. जिकडेतिकडे आरोस्तिचीनी, म्हणजे मेंढीच्या मटणाचे काडीवरचे तुकडे. चीज खाऊन दिवस काढला, मग कळलं की त्यात कोकराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवायचं विरजण, असतं. आम्हाला आधी कुणीच का सांगत नाही?

डोंगरवाट
ताई, तिथला मसूर नाही खाल्लात? हजार मीटरच्या वर पिकतो, दाणा अगदी बारीक, गडद तपकिरी, भिजवावा लागत नाही. लसूण, तमालपत्र, मीठ, वरून ऑलिव्हचं तेल आणि भाजलेला पाव. यात मांसाचा कण नसतो.

सुगरण_नाशिक
मसूर खायला इटलीत जायचं? आमच्याकडे किलोभर येतो त्या भावात तिथे मूठभर.

कोल्हापुरी_ठसका
भावाचं सोडा हो. उभ्या डोंगरावर इवल्याशा तुकड्यात पीक घ्यायचं, त्याला तेवढा दाम हवाच. माझे वडील डोंगरउतारावर नाचणी करायचे. बाजारात तिला कधी किंमत मिळाली नाही, शेवटी त्यांनी सोडून दिली. तिथे शेतकऱ्याला भाव मिळतो म्हणून मसूर टिकला. यावर रडणाऱ्यांचा मला संताप येतो.

सुगरण_नाशिक
मी रडत नाहीये. धर्म म्हणून पाळते, त्याची टिंगल नको. रेनेटचं उत्तर द्या.

मीरा_तोरिनो
टिंगल कुणीच केलेली नाही. त्या पट्ट्यात जुन्या पद्धतीच्या पेकोरीनोत, म्हणजे मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये, प्राण्याचंच रेनेट असणार हे धरून चला. ग्रान सास्सो डोंगराच्या पूर्वेकडच्या फारिंदोला गावात तर डुकराचं वापरतात, तीच त्या चीजची ख्याती. मेंढपाळांनी जे हाताशी होतं त्यातून खाणं घडवलं. ते तुमच्यासाठी बदलावं अशी अपेक्षा चूक आहे, पण आधी विचारायचा तुमचा हक्क बरोबर आहे.

सुगरण_नाशिक
ठीक. पण "अस्सल चव" म्हणून लेख लिहिणाऱ्यांनी ही एक ओळ घालायला काय हरकत होती? तेवढ्यासाठी माझा दोन दिवस जीव खाल्ला गेला.

शिलेदार_सातारा
चीजवर इतकं लिहिलंत, म्हणून मध्येच सांगतो. अब्रुत्सोत जाताच आहात तर समुद्राच्या बाजूला सांग्रो नदीकाठचं युद्धस्मशान बघा. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर 1943 मध्ये आठवी भारतीय डिव्हिजन तिथे लढली, त्यात पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण होती. दहन झालेल्या भारतीय जवानांचं वेगळं स्मारक आहे, पाचशेहून अधिक नावं. माझे आजोबा त्या पलटणीत होते. ते परत आले, त्यांचे सोबती आले नाहीत. आपल्या सहलीवाल्यांच्या यादीत ही जागा नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

डोंगरवाट
शिलेदार, लिहिलंत हे फार बरं केलंत. सांतो स्तेफानोहून तिथे गाडीने दिवसात जाऊन येता येतं.

पेठकर, कलाशोच्या गढीपर्यंत तरी गेला होतात का? साडेचौदाशे मीटरवर आहे. वाटेत मेंढ्या भेटल्या तर पांढऱ्या कुत्र्यांपासून लांब राहायचं, कळप आणि कुत्रा यांच्या मधून कधीच जायचं नाही. लांडगे आहेत म्हणून ती कुत्री ठेवलेली असतात, शोभेला नव्हे.

पेठकर
आईला घेऊन गढी चढणार होतो का? तुमच्या सगळ्यांच्या सल्ल्यात धडधाकट, एकटा माणूस गृहीत धरलेला आहे, आणि माझा राग त्यावरच आहे. मुक्कामाचा मुद्दा पटतो, पुढच्या वेळी भावाबरोबर जाईन तेव्हा बघेन. मात्र म्हातारं माणूस बरोबर असेल तर जाऊ नका, हे मी पुन्हा लिहिणार. मूळ लेखाखाली या धाग्याचा दुवा देतो. सांग्रोचंही जोडतो, ते मला ठाऊक नव्हतं.

सुगरण_नाशिक
आणि रेनेटचं.