मदत हवी आहे: गाडी काळी, सोसायटीत पाणी नाही. धुवायला वॉटरलेस घ्यावं की रिन्सलेस?

मंडळी, जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळायचा नाही.

आम्ही पिंपळे सौदागरला राहतो. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड येतं, आणि उन्हाळ्यात सोसायटीला टँकर मागवावे लागतात. पार्किंगमध्ये पाइप लावला तर दंड. नुसती बादली घेऊन उतरलं तरी खालचे काका विचारतात, "कितवी?"

गाडी काळी आहे. (हो, घेताना सगळ्यांनी सांगितलं होतं.) शेजारी दोन टॉवर उठतायत, त्यामुळे सकाळी पुसलेल्या काचेवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. पुसायला येणारे दादा एक बादली आणि एक फडकं घेऊन पंधरा गाड्या उरकायचे. त्यांना नको म्हटलं आणि व्हिडिओ बघून वॉटरलेस स्प्रे मागवला. फवारा, पुसा, झालं! सोबत मायक्रोफायबरचं एक कापड आलं होतं, त्याच एका कापडाने रविवारी अख्खी गाडी पुसली. पार्किंगच्या सावलीत इतकी छान दिसत होती की फोटो काढून नणंदेला पाठवला.

सोमवारी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये तिरपं ऊन पडलं आणि बघते तर बॉनेटभर बारीक गोल जाळी. दाराच्या खालच्या भागावर सरळ रेघोट्या, माझा हात जसा पुढे-मागे गेला अगदी तशाच. नखाला लागत नाहीत, पण एकदा दिसल्या की दुसरं काही दिसत नाही.

तर प्रश्न असे. हे स्प्रेमुळे झालं की माझ्यामुळे? रिन्सलेस म्हणतात ते वेगळं काय असतं? आणि या रेघोट्या जातील का? कृपया "गाडी विका, पांढरी घ्या" हा सल्ला नको, तो घरात रोज मिळतो.

अर्धी बादली:
ताई, दोष बाटलीचा कमी, धुळीचा जास्त. बांधकामाच्या धुळीत बारीक वाळू असते. स्प्रे तिला ओली करून थोडी निसरडी करतो, पण वाळू जाणार कुठे? तुमच्या त्या एका कापडात. म्हणजे पहिल्या दारानंतर तुम्ही पॉलिश पेपरच फिरवत होता. वॉटरलेस फक्त रोजच्या हलक्या धुळीला, तेही दर भागाला कापडाची नवी बाजू घेऊन. बोट फिरवल्यावर खरखर लागली तर स्प्रेचा मोह टाळा.

रिन्सलेसला बादली लागते, पण एकच. औषध पाण्यात घालायचं, गाडी त्या पाण्याने पुसायची आणि वरून साधं पाणी न ओतता कोरडी करायची. शाम्पूसारखा फेस होत नाही म्हणून खळखळून धुवावं लागत नाही. त्यातली पॉलिमर मातीच्या कणांना धरतात आणि रंगावर निसरडा थर ठेवतात. मी वापरतो त्या ओएनआरचं (ऑप्टिमम नो रिन्स, रिन्सलेसचं एक औषध) प्रमाण एकास २५६, म्हणजे १० लिटरला साधारण ४० मिली. "थोडं जास्त घालू, बरं असतं" हे आपलं नेहमीचं, पण त्याने काचेवर पुसट पट्टे राहतात.

माझी पद्धत: कुंड्यांवर फवारायचा दोन लिटरचा हातपंप मिळतो ना, त्यात तेच पाणी भरून आधी एक बाजू भिजवायची आणि दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही. निम्मी माती आपोआप ओघळते. मग आठ-दहा मायक्रोफायबर बादलीत भिजवलेलेच ठेवायचे. एक उचलायचा, हलका पिळायचा, चार घड्या केल्या की आठ बाजू मिळतात. छतापासून सुरुवात, एका दिशेने, दाब न देता. मळलेलं कापड परत बादलीत जाणार नाही, ते बाजूला टाकायचं. दाराखालची पट्टी सगळ्यात शेवटी. चाकांचं कापड वेगळं, कारण ब्रेकच्या भुकटीत लोखंड असतं. हे सगळं बॉनेट गार असताना.

कापडं धुताना कम्फर्टसारखं काही घालू नका, धागे बुळबुळीत होऊन पाणी शोषत नाहीत. आणि घरच्या सुती कपड्यांत तर मुळीच टाकू नका, सगळा कापूस चिकटून येतो.

तांबडी माती:
मी बंगळुरात असते. २०२४ च्या मार्चमध्ये इथे पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५००० रुपये दंड लागला, तेव्हा अख्खा मजला रिन्सलेसवर आला. वर लिहिलंय ते बरोबर, पण पावसाळ्यात चिखल वाळून बसला असेल तर हट्ट करू नका. आधी वॉशिंग सेंटरला जाऊन प्रेशरने चिखल पाडून घ्या, बाकी घरी.

जुना गिऱ्हाईक:
आमच्या वडिलांनी वीस वर्षं लुना रॉकेलच्या फडक्याने पुसली, कोणी उन्हात तिरपं होऊन बघितलं नाही. असो. रेघोट्यांचं सांगतो. नखाला लागत नाहीत म्हणजे त्या वरच्या पारदर्शक थरात आहेत. मशीनने पॉलिश केलं की जातात, पण म्हणजे तो थरच थोडा घासून सपाट करतात. मुळात तो ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे दर दिवाळीला पॉलिश करायची गोष्ट नाही. आधी धुण्याची पद्धत सुधारा, चार महिने जाऊ द्या, मग एकदाच करा. "टेफ्लॉन मारून देतो, सगळं झाकलं जाईल" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, काही आठवड्यांत झाकलेलं उघडं पडतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. या रविवारी करून पाहिलं. मोगऱ्याचा फवारणीपंप पळवला, दहा कापडं आणली, सात लिटरमध्ये भागलं. काकांनी "कितवी?" विचारलं, म्हटलं पहिली आणि शेवटची. पहिल्या कापडाची पहिली घडी उलगडून बघितली तर राखाडी चिखल, बोटांत चोळला तर कचकच लागत होता. गेल्या रविवारी हाच घेऊन मी गाडीभर फिरले होते. उन्हात नेऊन पाहिलं, नवी रेघ नाही. जुन्या आहेत तशाच. उरलेल्या पाण्यात पायपुसण्या आणि चाकं निघाली.

दोन गोष्टी अजून अडतायत. आरशांच्या फटीतून पाणी नंतर ओघळतं आणि दारावर डाग पडतो, त्याला काय करता? आणि काकांना त्यांच्या स्कूटरसाठी ४० मिली हवंय. स्कूटरला इतकं लागतं का हो?

अर्धी बादली:
फटीचं सोपं आहे. धुऊन झाल्यावर गाडी एक चक्कर मारून आणा, मग कोरडं कापड फिरवा. काकांना १० मिली द्या, अडीच लिटर पाण्यात घाला म्हणावं. आणि त्यांनाही विचारा, "कितवी?"