२२ जुलैला सोसायटीतल्या मुलांसोबत ‘पाय’चा दिवस करायचाय, कल्पना सुचवा

मानपाड्याची आई (ठाणे)

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत मी शनिवारी संध्याकाळी चौथी ते नववीच्या मुलांचे गणिताचे खेळ घेते. शिकवणी नाही, फक्त खेळ. यंदा २२ जुलैला ‘पाय’चा दिवस करायचं ठरवलंय. पाय म्हणजे π, वर्तुळाचा घेर भागिले व्यास, साधारण ३.१४ किंवा २२/७.

जगात हा दिवस १४ मार्चला होतो, कारण अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून ३/१४. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ यांनी १९८८ मध्ये तो सुरू केला. पुढे २०१९ मध्ये युनेस्कोने तीच तारीख आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केली. पण मार्च म्हणजे आपल्याकडे परीक्षांचे दिवस, दहावीचं मूल असलेल्या घरात टीव्हीसुद्धा लागत नाही. आणि आपण तारीख दिवसापासून लिहितो. २२/७ तर पोरांच्या तोंडात बसलेलं असतं, म्हणून २२ जुलै.

दोन गोष्टी नकोत. एक, दशांश स्थळं पाठ म्हणायची स्पर्धा. त्यात एक मूल जिंकतं आणि बाकीची बसून कंटाळतात. दुसरी, नुसता केक कापून फोटो. खर्च जवळपास शून्य हवा आणि पावसामुळे जागा स्टिल्ट पार्किंगचीच.

गेल्या वर्षी ताटं, डबे, बांगड्या जमवून दोऱ्याने घेर मोजला आणि व्यासाने भागला. बहुतेकांचं ३.१, ३.२ आलं. सहावीतल्या एका मुलाचं २.९ आलं. त्याने शेजारच्याच्या वहीत पाहिलं आणि खोडून ३.१४ लिहिलं. मला ते फार लागलं. २.९ त्याने स्वतः मोजलं होतं, ३.१४ कोणीच मोजलं नव्हतं. असा खेळ हवाय ज्यात उत्तर ‘चुकलं’ तरी मुलाला ते लपवावंसं वाटणार नाही.

—

नौपाडा जुना वाडा

ताई, २२ जुलैबद्दल कोणी नाक मुरडलं तर सांगा की आपली तारीख जास्त अचूक आहे. ३.१४ हे खऱ्या किमतीपेक्षा साधारण ०.००१६ ने कमी पडतं, २२/७ साधारण ०.००१३ ने जास्त. मुलांना कॅल्क्युलेटरवर करू द्या, त्यांना फार आवडतं.

दुसरं म्हणजे भास्कराचार्यांची लीलावती (इ. स. ११५०) काढा. तिथे दोन्ही किमती आहेत. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागा, हा ‘सूक्ष्म’ परिघ. २२ ने गुणून ७ ने भागा, हा ‘स्थूल’, व्यवहाराला चालणारा. श्लोकात आकडे शब्दांत लपवलेत. भ म्हणजे नक्षत्रं २७, नंद ९, अग्नी ३. उजवीकडून डावीकडे मांडायचं, झाले ३९२७. ख म्हणजे आकाश, म्हणजे शून्य, बाण ५, सूर्य १२, झाले १२५०.

यावर खजिना शोधण्याचा खेळ लावा. चिठ्ठीत लिहायचं ‘अग्नी, ख, सूर्य’. पोरांनी उलटं मांडून १२०३ काढायचं आणि थेट बाराव्या मजल्यावर बेल वाजवायची. त्या घरात पुढची चिठ्ठी. आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा, दुपारी झोपमोड नको.

—

नेरूळचा टर्नर

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात लेथवर (धातूचा तुकडा फिरवून कापायचं यंत्र) आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. मोजमाप हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या मुलाचं २.९. त्याने दोरा म्हणून लोकर वापरली होती का, विचारा. लोकर गुंडाळताना ताणली जाते आणि पट्टीवर सोडली की आखडते. घेर कमी भरतो, उत्तर खाली येतं. ज्यांचं ३.२ आलं त्यांनी बहुधा व्यास नीट केंद्रातून घेतला नसेल. वर्तुळात व्यासापेक्षा लांब रेघ बसतच नाही, त्यामुळे पट्टी केंद्रावरून सरकली की व्यास कमीच भरणार आणि उत्तर वर जाणार. म्हणजे उत्तर कुठल्या बाजूला घसरलं यावरून चूक कुठे झाली ते ओळखता येतं. कारखान्यात आम्ही हेच करायचो. जॉब, म्हणजे घडवायचा भाग, मापात नाही आला तर आकडा लपवून भागत नाही, तो आकडाच सांगतो काय बिघडलंय. ताटाचा व्यास घ्यायचा तर ताट दोन जाड पुस्तकांच्या मध्ये धरा, पुस्तकं समांतर ठेवून टेकवा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. घरातलं कॅलिपर, म्हणजे जाडी-व्यास मोजायचं साधन, तयार.

आता जुलैतला खेळ. प्रत्येक मुलाला घरून छत्री आणायला सांगा.

छत्री उघडून जमिनीवर ठेवायची. एका काडीच्या टोकापासून शेजारच्या काडीच्या टोकापर्यंतचं सरळ अंतर मोजायचं. कापडाची कड आत वळलेली असते, तिच्यावरून टेप फिरवायचा नाही. त्या अंतराला काड्यांच्या संख्येने गुणायचं आणि समोरासमोरच्या टोकांमधल्या अंतराने भागायचं. आत्ताच माझी काळी छत्री मोजली. आठ काड्या, दोन टोकांत ३८ सेंमी, आरपार ९९. आठ गुणिले ३८ म्हणजे ३०४, भागिले ९९, आलं ३.०७. सुनेच्या छत्रीला दहा काड्या आहेत, तिचं ३.०९ आलं. शेजारच्यांकडे सोळा काड्यांची मोठी दांड्याची छत्री आहे. २१.५ गुणिले १६, भागिले ११०, म्हणजे ३.१३.

गणिताने या तिघींना अनुक्रमे ३.०६, ३.०९ आणि ३.१२ यायला हवं, म्हणजे मोजणी ठीक झाली. एकीचंही ३.१४ येणार नाही आणि यायलाच नको! छत्री गोल नसते, ती अष्टकोन किंवा दशकोन असते. मुलांना सगळे आकडे फळ्यावर काड्यांच्या क्रमाने मांडू द्या. काड्या वाढतात तसा आकडा चढतो, हे त्यांचं त्यांनाच दिसेल. कोणाकडे सहा काड्यांची छोटी फोल्डिंग असेल तर तिचं जेमतेम ३ येईल. ती सगळ्यांत आधी मांडा.

आणि मग ग्रीक गणिती आर्किमिडीजची गोष्ट सांगा. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी त्याने हेच केलं. षटकोनापासून सुरुवात केली, बाजू दुप्पट करत १२, २४, ४८, ९६ वर पोचला. वर्तुळाच्या आतून एक ९६ बाजूंची आकृती, बाहेरून दुसरी, पाय या दोन्हींच्या मध्ये. आतल्या बाजूने त्याला २२३/७१ मिळालं आणि बाहेरच्या बाजूने २२/७. तुमची २२ जुलै तिथून आली आहे, ताई. छत्र्या आतून चढत जातात आणि २२/७ वरून झाकण घालतं.

—

ऐरोली हार्मोनियम

टर्नरकाका, मी आईची छत्री मोजून आले, आठ काड्या, ३.०५!

माझ्याकडून सुरांची कल्पना, पायचे आकडे एकेक करून गायचे. १ म्हणजे सा, २ रे, ३ ग, ४ म, ५ प, ६ ध, ७ नि, ८ वरचा सा, ९ वरचा रे, ० आला की एक मात्रा थांबायचं. सुरुवात अशी होते: ग, मग सा म सा प, वरचा रे, रे ध प ग प. पेटीवर वाजवून पाहिलं. ‘प’वरून ‘वरच्या रे’ची उडी आणि लगेच खालच्या ‘रे’वर यायचं, हे गळ्याला अवघड आहे पण ऐकायला मस्त लागतं.

गंमत म्हणजे ‘नि’ पहिल्यांदा थेट तेराव्या दशांश स्थळाला येतो आणि पहिलं शून्य बत्तिसाव्याला. छोट्यांना ‘नि आला की टाळी’ असं सांगितलं तर ती कान देऊन ऐकतात. यात पाठांतर नाही, फळ्यावर बघूनच गायचं.

—

कळव्याची मराठीची बाई

मी एक वाक्य जुळवलंय, प्रत्येक शब्दातली अक्षरं मोजा (जोडाक्षर एकच धरायचं):

‘आजीच्या त्या भाकरीचा तो वाटोळेपणा समजावण्यासाठीसुद्धा पाय उपयोगाचाच.’

३, १, ४, १, ५, ९, २, ६, म्हणजे पायचेच आकडे क्रमाने. नऊ अक्षरांचा शब्द शोधताना कस लागतो, पण मराठीत प्रत्यय जोडून लिहितात म्हणून जमून जातं. एकाक्षरी शब्दही आपल्याकडे भरपूर आहेत: मी, तू, हा, ती, जो, का, ना. सातवीपासूनच्या मुलांना तीन-तीनच्या गटात बसवा आणि पुढचा शब्द पाच अक्षरांचा हवा एवढंच सांगा. व्याकरणाचा तास इतका आनंदाने कोणी करत नाही.

—

मानपाड्याची आई (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचल्यावर लगेच त्या मुलाच्या आईला फोन केला. लोकरच होती, तिच्या विणकामाच्या पिशवीतली! त्याला फोनवरच सांगितलं की तुझं २.९ का आलं ते सापडलंय, आणि २२ तारखेला लोकर आणि शिवणाचा दोरा दोन्ही घेऊन ये, सगळ्यांना तूच करून दाखव. तो आता विचारतोय, रबरबँडने केलं तर किती येईल.

ठरलं ते असं. सुरुवातीला १२०३ वाला खजिना, म्हणजे पोरांची धावाधाव होऊन जाईल. मग छत्र्या, हा मुख्य कार्यक्रम. मोठ्यांचा गट वाक्य करेल तोवर छोटे सुरांवर टाळ्या देतील. खायला प्रत्येक घरातून थालीपीठ, मधल्या भोकामुळे केंद्र शोधायला सोपं.

एक अडचण उरली आहे. आमच्याकडे आठ आणि दहा काड्यांच्या छत्र्या ढिगाने आहेत, सहाची आणि सोळाची एकही नाही. मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा भागात कोणाकडे असेल तर संध्याकाळपुरती द्याल का? मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि वाळवून परत करेन.